पाण्यात पडलेल्याची गॅरंटी न्हाई

माझ्या दुकानाच्या बोर्डावर 'अशफाक इंजिनिअर' असं लिहिलेलं हाय. ही पदवी मला कोणत्या कॉलेजनं दिलेली न्हाई. मीच मला दिली, आन बोर्ड रंगवणाऱ्यानंबी काही विचारलं न्हाई. खरं सांगायचं तर बारावी सायन्सला मी फिजिक्समधी नापास झालतो. दुसऱ्यांदा बसलो तवा केमिस्ट्रीनंबी फिजिक्सला साथ दिली. तिसऱ्या बारीला अब्बा म्हणले, "बस कर बाबा, आता ते मास्तर लोक तुझा पेपर नाव न वाचताच ओळखायलेत." आन त्यांनी मला त्यांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसवलं. रेडिओ गेले, टेप गेले, अब्बाबी गेले. दुकान तेच राहिलं, केजच्या बसस्टँडसमोर, शिवशंकरच्या चहाच्या हॉटेलाला खेटून. त्यात आता मी मोबाईल दुरुस्त करतो.

माझी खासियत म्हणजे पाण्यात पडलेले मोबाईल. हसू नका. आमच्या भागात पाण्याची टंचाई हाय, पण मोबाईल पडायला पाणी बरोबर सापडतं. कुणाचा विहिरीत, कुणाचा बैलाच्या हौदात, कुणाचा कुठं ते गिऱ्हाईक सांगत न्हाई आन मी वास घेऊन ओळखतो. पडला की लोक पहिले त्याला ज्वारीच्या कणगीत खुपसतात. कुणीतरी सांगितलंय की ज्वारी पाणी ओढून घेती. दोन दिवसांनी माझ्याकडं येतो तवा मोबाईल ओला तो ओलाच, वर चार्जिंगच्या भोकात ज्वारीचे दाणे. मग मी तो खोलतो, मायक्रोस्कोपखाली धरतो, गरम हवेच्या गननं हळूहळू वाळवतो. निम्मे वाचतात. उरलेल्यांसाठी मी काउंटरवर पाटी लावलीय : 'पाण्यात पडलेल्या मोबाईलची गॅरंटी नाही.' एवढ्या एका पाटीवर माझा संसार चाललाय.

संसार म्हणजे माझी अम्मी रहेमतबी, माझी बहीण जिनत आपा आन तिची पोरगी यास्मिन. आपाचा नवरा वारला तवा यास्मिन रांगायची. मी लग्न केलं न्हाई. कावून केलं न्हाई विचाराल, तर पोरीच्या बापानं बोर्ड वाचून विचारायचं, "कोणत्या कॉलेजचे इंजिनिअर?" आन गोष्ट तिथंच मोडायची. मग यास्मिनच आमच्या घराची पोर झाली. तिचं लहानपण माझ्या काउंटरखाली गेलं. बाकीच्या पोरी भातुकली खेळायच्या, ही मेलेले सर्किट मांडून बसायची आन मला विचारायची, "मामू, हे कावून मेलं?" मी सांगायचो, "पाणी गेलं." माझं सगळ्याला तेच उत्तर होतं. पुढं तिला कळलं की मामूला दुसरं उत्तर येतच न्हाई, पण तिनं कधी तोंडावर म्हणून दाखवलं न्हाई. केजमधी माझ्या इंजिनिअरपणावर न हसणारं तेवढं एकच माणूस होतं.

ती फिजिक्समधी गेली. हो, फिजिक्समधीच. ज्यानं मला तीनदा आपटलं त्याच्यात तिनं बीएस्सी केलं, एमएस्सी केलं, आन मग पुण्याला पीएचडीला लागली. कशात करायली हे मला कळावं म्हणून तिनं एकदा सुट्टीत दुकानात येऊन दोन मोबाईलचे टॉर्च लावले. एकाचा उजेड डावीकडून, दुसऱ्याचा उजवीकडून, मधी दोघांची फुली.

"मामू, आता एक बंद करा. दुसऱ्याला काही फरक पडला?"

"न्हाई."

"पडतच न्हाई. उजेड उजेडाला अडवत न्हाई, ढकलत न्हाई. एकमेकांतून निघून जातात, ओळख न देता. मला एका उजेडानं दुसऱ्याला थांबवायचंय."

"मग?"

"मग मधी कुणीतरी लागतं. दोघांचंबी ऐकणारं." आन तिनं मला रुबिडियम नावाचा धातू सांगितला. चांदीसारखा दिसतो, जरा तापवला की वितळतो, त्याची वाफ होती. त्या वाफेतले अणू ठराविक रंगाच्या उजेडाला लई लवकर भुलतात. पहिल्या उजेडानं अणू हलवला, की दुसऱ्या उजेडाची वाट बदलती. पहिले ह्या कामाला खोलीभर आरसे आन हाताएवढ्या काचेच्या नळ्या लागायच्या. यास्मिननं ते सगळं नखाएवढ्या चिपवर आणलं होतं. चिपवर केसाहून बारीक रस्ते कोरलेले, त्यातून उजेड पळतो. पळता पळता थोडासा रस्त्याबाहेर सांडतो. रस्त्यांच्या वर काचेची बारकी डबी चिकटवलेली, तिच्यात रुबिडियमची वाफ. सांडलेला उजेड त्या वाफेला शिवतो आन खेळ सुरू होतो.

"ह्याचा फायदा काय?" मी विचारलं.

"पुढं लई हाय. घड्याळं, संदेश, उजेडावर चालणारी यंत्रं. आत्ता फायदा एवढाच की मला झोप येत न्हाई."

एवढं कळल्यावर मी गप बसायला पाहिजे होतं. पण मी गप बसणारा असतो तर माझा बोर्ड तसा असता का? शिवशंकरच्या हॉटेलात मी रोज भाचीचं फिजिक्स वाटायला लागलो. "आमची यास्मिन उजेडाला वळण लावती," असं मी म्हणायचो. आडसच्या रस्त्याला मोठी शेती असलेले अर्जुनराव पुढारी एकदा म्हणले, "अशफाकभाई, अणू म्हणताव, मग बॉम्बचं काही हाय का त्याच्यात?" मी हसून म्हणलो, "तसं उघड बोलता येत न्हाई." तौबा! पोरगी बिचारी उजेडाच्या मागं लागलेली, आन मी तिला संरक्षण खात्यात नेऊन बसवलं. शिवशंकर म्हणायचा, "बे अशफाक, तू बारावी पास झाला असता तर देशाला केवढं महागात पडलं असतं."

तर झालं असं, की एका उन्हाळ्यात यास्मिन पुण्याहून हैदराबादला निघाली होती. तिचं शेवटचं मोजमाप उरलं होतं. त्याला लागणारा दुसऱ्या रंगाचा लेझर हैदराबादच्या एका लॅबमधी होता, आन तो तिला दोनच दिवस मिळणार होता. अशा दोन चिप बनवल्या होत्या, त्यातली एक चिकटवतानाच तडकली. उरली ही एक. मोजमाप झालं तर प्रबंध पुरा. न्हाई झालं तर नवी चिप बनवायला वर्ष जाणार, आन तिची शिष्यवृत्ती त्याच्या कितीतरी आधी संपणार. कुरिअरवर तिचा भरवसा नव्हता, म्हणून चिप एका प्लास्टिकच्या डबीत घालून स्वतः पर्समधी घेऊन निघाली, आन वाटेत एक दिवस नानीला भेटायला केजला उतरली.

सकाळीच ती दुकानात आली. मीच तिला म्हणलो होतो, घरी नको ठेवू, घरी धूळ हाय, मांजर हाय, नानीची उचकापाचक हाय. माझ्या ड्रॉवरसारखी जागा अख्ख्या केजात न्हाई. तिनं पर्समधली डबी उघडली, चिप माझ्या मायक्रोस्कोपखाली ठेवली आन स्क्रीनवर मला ते रस्ते दाखवले. सहा रस्ते, शेजारी शेजारी, इतके सरळ की माझ्या डोळ्यात पाणी आलं. सर्किट मीबी जन्मभर बघितलेत, पण ते दुसऱ्यांनी बनवलेले. हे आमच्या पोरीनं बनवलेलं होतं.

"आता वरची काच दाखवते," ती म्हणली, आन तेवढ्यात आपाचा फोन आला. अम्मीला शुगरच्या तपासणीला न्यायचं होतं, डॉक्टरकडं नंबर लावला होता. यास्मिन उठली.

"बाकीचं आल्यावर दाखवते. हात लावू नका, मामू."

"मी काय खुळा हाय?"

शिवशंकर चहा घेऊन आलता, त्यानं हे ऐकलं. पुढं त्यानं ते किती जणांना ऐकवलं त्याचा हिशोब न्हाई.

आता तुमी म्हणाल, ती हात लावू नका म्हणली होती. बरोबर हाय. पण बघू नका म्हणली नव्हती. मी बघितलं. फोकस थोडा वर घेतला, रस्ते पुसट झाले आन काच दिसायला लागली. आन काचेच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूनं, मला बारीक बारीक चमकणारे थेंब दिसले.

पाणी! जन्म गेला माझा असे थेंब बघण्यात. लगेच डोकं पळायला लागलं. पोरगी रात्रभर एसी ट्रॅव्हल्समधी बसून आली, खाली उतरली ती केजच्या मे महिन्यात. दव धरणारच! आन ही तशीच हैदराबादला जाणार, तिथले मोठे साहेब काचेत डोकावणार आन म्हणणार, बीडकडची पोरगी, चिपमधी पाणी घेऊन आली. माझ्या डोळ्यांपुढं तिचं उतरलेलं तोंडसुद्धा आलं. थेंब काचेच्या आतून हायत हे ध्यानात आलं तवा तर मला उलट हुरूप आला. आतलं पाणी काढणं हेच तर माझं काम. आन मी हात लावणार नव्हतोच. मी हवा लावणार होतो.

गन सगळ्यात कमी गरमीवर ठेवली. दुरून, हळूहळू, नेमकं त्या कोपऱ्यावर फिरवत राहिलो. आयुष्यात कोणत्या मोबाईलला मी एवढं जपलं न्हाई. थेंब बारीक झाले, आणखी बारीक झाले आन गेले. कोपरा एकदम लख्ख. काच वरून मऊ फडक्यानं पुसली. मग मी जे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मोबाईलचं करतो तेच केलं. आधी एक फोटो काढून ठेवला होता, नंतरचा दुसरा काढला, दोन्ही जोडले आन व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावले. वर लिहिलं, 'आधी ओलावा, नंतर क्लीन. भाचीच्या शोधकार्यात मामूचा खारीचा वाटा.'

यास्मिननं तो स्टेटस डॉक्टरकडं रांगेत बसून बघितला.

ती आली तवा पळत आलती. चप्पल एकच पायात होती, दुसरी स्टँडच्या कोपऱ्यावर तुटून राहिली. मी म्हणलो, "आलीस? बघ, तुला सांगितलं न्हाई, म्हणलं आल्यावर बघेल." ती सरळ मायक्रोस्कोपवर वाकली. पहिले कोपरा बघितला, मग फोकस खाली नेला आन रस्ते बघितले. लई वेळ बघत राहिली.

"मामू, इथं चांदीसारखं होतं, ते कुठंय?"

"वाळवलं."

"गरम हवा कुठून मारली?"

"त्याच कोपऱ्यातून. पाणी तिथंच होतं ना."

ती स्टुलावर बसली. "ते पाणी नव्हतं, मामू. तेच रुबिडियम होतं. तेवढंच त्या काचेच्या डबीत होतं."

"मग ते गेलं कुठं?"

"तुमी कोपरा गरम केला. ते पळालं जिथं गार होतं तिथं. चिपवर जाऊन बसलं." तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवला. ते सहा सरळ रस्ते धुरकट झाले होते, कुणी वर राख टाकावी तसे. "रस्त्यावर धातू बसला की उजेड तिथंच मरतो. पलीकडं जातच न्हाई."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आई-बापावरून बोलली असती, गन माझ्या डोक्यात घातली असती तरी मी वाकून सलाम केला असता. पण ती नुसती बसून राहिली, एक चप्पल घालून. मला तवा कळलं की माझ्या हातून आजवर जे मोबाईल मेले त्यांच्या मालकांना कसं वाटलं असेल. मी तर त्यांना पाटीकडं बोट दाखवायचो.

मग तिनं पुण्याला तिच्या पीएचडीच्या मॅडमला फोन लावला. मॅडमनी पहिले सगळं विचारून घेतलं. नंतर म्हणल्या, उलटं करून बघ. चिप गरम ठेव, कोपरा गार ठेव, धातू परत कोपऱ्यात येईल. पण घाई केलीस तर काच तडकेल. आन हैदराबादला पोचून हे करत बसलीस तर लेझरचे दोन दिवस ह्यातच जातील.

"म्हणजे इथंच," यास्मिन म्हणली. ती उठली, माझ्या खुर्चीत बसली आन टेबल आवरायला लागली. मोबाईलची काच सोडवायला माझ्याकडं एक गरम होणारी प्लेट हाय, तिच्यावर चिप ठेवली. तांब्याची एक पट्टी कापून तिचं एक टोक काचेच्या कोपऱ्याला लावलं, दुसरं शिवशंकरकडून मागवलेल्या बर्फाच्या पेल्यात सोडलं. मी पट्टी धरायला हात पुढं केला.

"मामू, तुमी तिकडं बसा."

तिकडं म्हणजे काउंटरच्या बाहेर, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर. त्या स्टुलाचा एक पाय हालतो. गिऱ्हाईक तक्रार करायचे, मी म्हणायचो, नीट बसा, हालत न्हाई. हालतो. लई हालतो. आन तिथून आतल्या माणसाची फक्त पाठ दिसती, काय चाललंय ते काही दिसत न्हाई. एवढ्या वर्षांत मी त्या स्टुलावर कधी बसलोच नव्हतो.

थोड्या वेळानं मी विचारलं, "होतंय का?"

"बसा, होतंय."

आणखी थोड्या वेळानं, "किती वेळ लागेल?"

"सांगता येत न्हाई."

माझेच शब्द, माझ्याच सुरात. ती मुद्दाम करत नव्हती. काउंटरखाली लहानाची मोठी झाली, दुरुस्त करणाऱ्या माणसानं असंच बोलायचं असतं हे ती माझ्याकडूनच शिकली होती.

दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टर घुं करायला लागला. तो त्या प्लेटला पुरावा म्हणून मी पंखा बंद केला, दिवे बंद केले, शिवशंकरच्या फ्रीजची आमच्याकडून गेलेली वायरबी उपटली. त्यानं येऊन शिव्या दिल्या आन यास्मिनची पाठ बघून परत गेला. जाताना बर्फ ठेवून गेला, फ्रीज बंदच होता तर बर्फ तरी कामाला येऊ दे म्हणून. मी घामानं निथळत स्टुलावर बसलेलो. त्यात अर्जुनराव आले. शेततळ्याच्या काठावर उभं राहून व्हिडिओ काढताना त्यांचा मोबाईल तळ्यात गेलता. पिशवीत ज्वारीसकट घेऊन आलते.

"आज दुकान बंद हाय," मी म्हणलो.

"बंद? आत कुणीतरी काम करायलंय की."

"ते इंजिनिअर हायत. मी गिऱ्हाईक हाय."

अर्जुनरावांना काही उमगलं न्हाई, पण पुढारी माणूस, पिशवी माझ्या मांडीवर ठेवून निघून गेले.

मग अम्मी आली, जेवणाचा डबा घेऊन. तिला आपानं रस्त्यात सगळं सांगितलं होतं. तिनं पहिले माझ्याकडं बघितलं, नुसतं बघितलं, आन मी स्टुलासकट खाली जातो की काय असं झालं. मग काउंटरवर वाकून यास्मिनच्या बर्फाच्या पेल्याकडं, पट्टीकडं बघत राहिली आन म्हणली, "एवढं सगळं करण्यापरीस ज्वारीत ठेवलं असतं तर?"

यास्मिन हसली. सकाळपासून पहिल्यांदा हसली. हसता हसताच तिचं तोंड वाकडं झालं आन ती रडायला लागली, पण हात जागचा हलवला न्हाई, पट्टी दाबून धरलेली तशीच. अम्मीनं मागून जाऊन तिचे डोळे पदरानं पुसले. मला उठायची हिंमत झाली न्हाई.

अम्मी गेल्यावर मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण राहवलं न्हाई. "यास्मिन, बेटा, होईल ना नीट?"

तिनं मान वळवली न्हाई. "पाण्यात पडलेल्याची गॅरंटी न्हाई, मामू."

पाटी माझ्या नाकासमोरच लटकत होती. मी ती वाचली. लोकांना ती वाचून काय वाटत असेल हे मला इतक्या वर्षांनी, माझ्याच स्टुलावर बसून कळलं.

दिवस बुडाला, मगरिबची अजान झाली तवा तिनं प्लेटची गरमी उतरवायला सुरुवात केली, तीबी एकदम न्हाई, पायरी पायरीनं. मग मला बोलावलं. स्क्रीनवर कोपऱ्यात चांदीचा एक बारीक ठिपका परत आलता. रस्त्यांवरची राख विरळ झाली होती, पुरती गेली नव्हती. "उजेड जातो का न्हाई ते तिथं लेझर लावल्याशिवाय कळणार न्हाई," ती म्हणली. डबी बंद केली, माझी चप्पल पायात घातली आन हैदराबादच्या गाडीला उभी राहिली. गाडी आली तवा मला वाटलं आता काहीतरी बोलेल. ती पायरीवरून वळून म्हणली, "तो स्टेटस काढा आधी."

काढला. पण तोवर निम्म्या केजनं बघितला होता. दुसऱ्या दिवशी शिवशंकर चहा देताना म्हणला, "काय बे, आज कुणाचं काय वाळवायलास?" मी काही बोललो न्हाई. मी बोललो न्हाई म्हणल्यावर तोबी घाबरला आन त्यानं चहात साखर जास्त टाकून आणली. मी पाचही वक्ताची नमाज पढली. अल्लाहला सांगितलं, माझा बोर्ड उतरव, माझी दृष्टी कमी कर, पण त्या सहातला एक रस्ता मोकळा ठेव. इतकं फिजिक्स मी बारावीला केलं असतं तर पास झालो असतो.

हैदराबादच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्जुनराव त्यांच्या मोबाईलची चौकशी करायला आले. मी त्यांचा मोबाईल खोलून टेबलावर ठेवला होता, पण गनला हात लावायचं धाडस होत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

"मामू."

"बोल."

"चार रस्ते गेले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पाचवा अर्धवट हाय. सहावा चालतोय."

"चालतोय म्हणजे?"

"पहिला उजेड सोडला की दुसरा थांबतो. पहिला काढला की दुसरा चालू. परत सोडला, परत थांबला. मामू, सकाळपासून तेच करायलोय आमी. मोजमाप झालं."

"पण चार गेले ना गं."

"मला एकच पाहिजे होता."

मला रडू फुटलं. ते बारीक न्हाई, चांगलं मोठ्यानं, काउंटरवर डोकं ठेवून. समोर खोललेला मोबाईल, आन मी त्याच्यावर पडून रडायलो. अर्जुनरावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "अशफाकभाई, एवढं कावून मनाला लावून घेताव? गेला तर गेला. नवा घेईन मी." त्यांचा मोबाईल पुढं चालू झाला, ते वेगळं. पण माझ्यासारखा गिऱ्हाइकासाठी जीव टाकणारा माणूस जिल्ह्यात न्हाई असं ते अजून सभेत सांगतात. मी त्यांचा गैरसमज काढलेला न्हाई. माझी थोडीतरी इज्जत कुठंतरी शिल्लक राहू द्या.

प्रबंध झाला. यास्मिन डॉक्टर झाली. अम्मीला वाटलं आता शुगरची तपासणी घरीच होईल. त्यानंतर पुढच्याच ईदला ती केजला आली, तवा पर्समधी तसलीच डबी होती. नवी चिप, नव्या कामासाठी. ती दुकानात आली, डबी काउंटरवर ठेवली, ड्रॉवरची चावी माझ्या हातात दिली आन म्हणली, "मामू, ठेवा. मी नानीला भेटून येते."

मी वाट बघत राहिलो, आता म्हणेल, हात लावू नका. ती म्हणलीच न्हाई. सरळ निघून गेली.

मी डबी ड्रॉवरमधी ठेवली, कुलूप लावलं. मग गनची वायर काढली. मग दुकानातून बाहेर आलो आन शटर ओढलं. तरी जीव थाऱ्यावर येईना, चावी खिशातच होती. ती शिवशंकरच्या हातात दिली आन त्याच्या हॉटेलाच्या बाकावर उन्हात बसून राहिलो. गिऱ्हाईक येत होते, मी हातानंच न्हाई म्हणत होतो.

यास्मिन परत आली. बंद शटर बघितलं, मग बाकावर मला बघितलं.

"मामू, आत कावून न्हाई बसलात?"

"माझी गॅरंटी न्हाई," मी म्हणलो.

ती हसली न्हाई. शिवशंकरकडून चावी घेतली, शटर वर केलं, मायक्रोस्कोपचा दिवा लावला आन मला माझ्या खुर्चीत बसवलं. डबी उघडून चिप खाली ठेवली, फोकस हळूहळू वर नेला. "त्या दिवशी काचेचा कोपरा दाखवायचा राहिलाच होता," ती म्हणली. "हे बघा."

मी दोन्ही हात पाठीमागं बांधले आन बघितलं.